पायाजवळची काळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याला लावायची, हातभर लांब आणि तान्ह्या बाळाइतकी जड. दूरचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम. पण माझी पहिली दहा वर्षं एका वकिलांच्या कपाटात गेली. भिंगांवर बुरशी चढू लागली तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं आणि एका बस कंडक्टर बाईंनी मला घरी नेलं.

बाईंना शिकारी पक्ष्यांचं भारी वेड. सुट्टीच्या दिवशी उजाडताच त्या मला पाठीवर घेऊन निघत. घारी, शिक्रे, गरुड, सगळे आम्ही टिपले. त्यांची थोरली बहीण म्हणे, "अगं, कधी माणसांचेही फोटो काढ. आमची तोंडं काय वाईट आहेत?"

"माणसं 'हसा' म्हटलं की हसतात, ताई. गरुडाला सांगून बघ!"

महिन्यातून एकदा वाचनालयाच्या माडीवर सगळ्यांचे फोटो पडद्यावर लागत आणि एक निवृत्त स्टुडिओवाले त्यांची चिरफाड करत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. "पक्षी आहे, पण नजर कुठाय?" "हा गरुड आहे की गाठोडं?" बाई निमूट लिहून घेत.

एकदा आम्ही जुन्या पाण्याच्या टाकीवर बसलेली ससाण्याची मादी टिपली. ओळीने नऊ फोटो. पीस न् पीस मोजून घ्यावं असे स्वच्छ! आज शाबासकी नक्की, असं मला वाटलं. मास्तर पडद्याजवळ गेले.

"पायाजवळ ही काळी रेघ कसली? बाई, लेन्स म्हातारी झाली. काढा मोडीत!"

हशा पिकला. मित्रांनो, माझा जीव एवढासा झाला.

बाई मात्र हसल्या नाहीत. "मास्तर, नऊही फोटो एकामागून एक लावा." लावले. "लेन्सचा दोष असता तर रेघ प्रत्येक वेळी एकाच जागी दिसली असती. ही पायाबरोबर सरकतेय."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पतंगाचा दोरा आहे हो! कुठे अडकला तर ही लटकून मरेल."

बाईंनी तिथूनच पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांनी अग्निशमन दलाला. ती रोज टाकीवरच मुक्कामाला असे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिथे पोहोचले, तर दोरा कठड्याला अडकलेला आणि ती जिवाच्या आकांताने फडफडत होती. जवान शिडी चढला. बाई माझ्यातून बघत खालून ओरडल्या, "डाव्या पायाला तीन वेढे आहेत! ओढू नका, कापा!" जवानाने तिच्यावर टॉवेल टाकला, दोरा कापला आणि तिला अलगद खाली आणलं.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी तिला मैदानात सोडलं. क्षणभर ती त्यांच्या हातमोज्यावर बसली आणि मग पंख पसरून सरळ वर! बाईंनी बटण दाबलं.

तो फोटो लागला तेव्हा मास्तर पुन्हा पडद्याजवळ गेले. "एक पंख चौकटीबाहेर गेलाय," ते म्हणाले. "नियमाने चूक. पण जाऊ दे बाहेर! हिला चौकटीत कोंबायची कुणाची छाती आहे?" मग सगळ्यांसमोर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, म्हातारी मी हिला म्हटलं, पण नजर अधू झाली ती माझी." माडी टाळ्यांनी दणाणली.

मित्रांनो, जुनं यंत्र घरी असेल तर पुसून, कोरडं ठेवा, पण कपाटात कोंडू नका. आणि पतंगाचा दोरा उघड्यावर टाकू नका. तो गुंडाळायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो? ती ससाण्याची मादी आजही टाकीवर येते. बाई मला उचलतात आणि मी तिला अगदी समोर आणते, एक पाऊलही तिच्या जवळ न जाता.