पुण्यापेक्षा गुवाहाटी जवळ

मी बिराप्पाची घोंगडी बोलतेय. काळी, जाडजूड, अंगाला जरा टोचणारी. लोकर त्याच्याच मेंढ्यांची, सूत त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं कातलेलं. कळपामागं कोकणापर्यंत मी त्याच्या खांद्यावरून फिरले. त्याचे गुडघे गेले तशी मीही घरी बसले.

माणसं वाट किलोमीटरनं मोजतात, बिराप्पा मेंढरांच्या चालीनं. दिवसाला दहा किलोमीटर, बास.

त्याचा लेक अमृत सोनं गाळायच्या धंद्यापायी गुवाहाटीला गेलेला. चार वर्षं घरी फिरकला नव्हता. फोनवर एकच पालुपद, "आवं आबा, लय लांब हाय."

यंदा त्याला मुलगी झाली. रेल्वेनं निघालो असतो तर बारसं हुकलं असतं, म्हणून त्यानं विमानाची तिकिटं धाडली. आमच्या विट्याहून एसटीनं पुणं गाठायला आम्हाला पाच तास लागले. विमानतळावर मला एका यंत्रातून सरपटत जावं लागलं. आत मेंढरू नाही याची खात्री झाल्यावर सोडलं.

विमानात शेजारचा प्रवासी म्हणाला, "अंतर दोन हजार किलोमीटर, काका. तीन तास लागतील."

बिराप्पानं बोटांवर हिशेब केला. "दोनशे दीस लागत्याल," तो सुलाबाईच्या कानात म्हणाला. "ह्यो फसिवतोय."

मग मला डोक्यावरून ओढून तो घोरू लागला.

विमान उतरलं. सगळे गेले, बिराप्पा हलेना. गणवेशातली मुलगी उतरा म्हणाली, तर हा म्हणतो, "चहाला थांबलीया न्हवं गाडी? आमी बसतो. गुवाहाटी आली की हाक मारा."

"उठा वं! काचंतनं बघा तरी," सुलाबाईनं मला खसकन ओढलं. "पाटी वाचा!"

वाचली, 'गुवाहाटी'. मग मात्र त्याचा चेहरा बदलला.

बाहेर अमृत पाया पडायला वाकला. बिराप्पा त्याला म्हणाला, "पुणं पाच तास, तू तीन तास. पुण्यापरास जवळ हायस की रं! मग चार वर्सं का आला न्हाईस?"

अमृतनं वाकल्या वाकल्याच त्याची पिशवी उचलली. सुलाबाई डोळे पुसत म्हणाली, "पोरगी जागी झाली आसंल. चला बिगीबिगी."

बारसं झालं, नाव समीक्षा ठेवलं. निघताना बिराप्पानं मला नातीच्या अंगाखाली अंथरलं आणि मागं न बघता गेला. आठ महिने मी इथंच. ती माझ्यावर लोळते, काठ चावते, आणखीही बरंच काही करते. ते सांगत नाही. मी टोचते, तरी तिला माझ्याशिवाय झोप येत नाही.

आज सकाळी अमृतनं स्वतःच्या हातानं माझी घडी घातली. चौघं विट्याला निघालोय: तो, सूनबाई, समीक्षा आणि मी.

आमची एसटी संध्याकाळी सहाला पोचेल. बिराप्पा म्हणे सकाळी सातपासूनच स्टँडवर उभा आहे. तुमच्यापैकी कुणी विट्याचं असेल, तर त्याला तेवढा चहा पाजा, आणि बाकड्यावर बसवा.