दोऱ्याचं माप

युलालीने तुरीच्या शेंगांची टोपली मागच्या पायरीवर उपडी केली आणि ओंजळभर शेंगा पोरीच्या पुढ्यात सरकवल्या.

"सोलता येतात ना गं?"

वेनिशाने नुसती मान हलवली. वयाच्या मानाने पोर थोराड होती. हात लांब, मान उंच. पाय मात्र तिने झग्याखाली दुमडून असे अंगाशी घेतले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि तिने नुसते सांभाळायला ठेवले होते.

घरात मावशीची भांडी वाजत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच. मावशीचं, म्हणजे आयव्हरीनचं, बोलणं आधीच उरकलं होतं. युलालीला तिने पुढच्या ओट्यावर बसवलं, अंबाडीचं लालभडक सरबत दिलं आणि आतल्या पलंगाखालून एकेक जोड आणून भिंतीशी ओळीने मांडला. पांढरे बूट, निळे बूट, चंदेरी बक्कलवाले बूट. सगळे कोरे, सगळे इवलेसे. दर नाताळाला टोरांटोहून पोरीच्या आईचं पिंप येतं, असं तिने सांगितलं. तांदूळ, साबण, डबाबंद मासे, फ्रॉक, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला बुटांचा जोड. दर वर्षी त्याच मापाचा. माप मी स्वतः पाठवते, ती म्हणाली. इथले नंबर तिथे चालत नाहीत, म्हणून पोरीच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरायचा, कापायचा, पाकिटात घालायचा. वाडीतली सगळीच घरं असं करतात.

"दोरा हातात असून जिला पोटच्या पोरीचा पाय कळत नाही, तिच्या हवाली करायची ही?" असं विचारून तिने बूट पुन्हा पलंगाखाली सारले. शाळेत जायला पोरीला बाजारातले पोरांचे तपकिरी बूट तिनेच घेऊन दिले होते.

युलालीला ते पटत चाललं होतं. तशी कितीतरी घरं तिने पाहिली होती. लाल मातीच्या या डोंगरातल्या आया निघून जायच्या, परदेशी म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायच्या, आणि इकडे पोरांना पिंपाच्या वासावरून आई आठवायची. वेनिशाच्या आईचे, क्लॉडेटचे, तिकडे राहायचे कागद आता पूर्ण झाले होते. ती मुलीला नेऊ म्हणत होती, बहीण हरकत घेत होती, आणि पोरीच्या मनात काय आहे ते ऐकून तालुक्याच्या कोर्टाला कळवणं हे युलालीचं काम होतं. आईचं लक्ष नाही, एवढं एक वाक्य तिने लिहिलं असतं तरी पोरीचं जाणं लांबलं असतं, कदाचित कायमचं.

या कामात तिचे केस पिकले होते. मुलांना समोर बसवून विचारलं तर ती मोठ्यांना हवं तेच सांगतात, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. म्हणून ती हंगामातलं काहीतरी सोबत नेई, मुलाच्या शेजारी बसून निवडी, सोली, आणि वाट पाही. कागद काढत नसे. 'का' हा शब्दही तोंडात येऊ देत नसे. त्या शब्दाने पोरं आपली चूक शोधायला लागतात. संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर परतली की सोललेलं शिजवून एकटीच जेवायची. दिवसभर ऐकलेलं सांगायला तिथे कुणी नसे, आणि तसं सांगायची परवानगीही नव्हती.

तिने आयव्हरीनला हाक मारून दुकानातून बर्फ आणाल का, म्हणून विचारलं. आयव्हरीनने दोघींकडे पाहिलं, डोक्याला फडकं बांधलं आणि निघाली.

शेंगा तडकत राहिल्या. हिरवे दाणे वाडग्यात पडत होते. कुंपणापलीकडे कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"ही किडकी," वेनिशा म्हणाली.

"टाक कोंबड्यांना."

पोरीने शेंग भिरकावली. कोंबड्या धावल्या. ती जराशी हसली, आणि हसताना तिचा एक पाय झग्याबाहेर आला. लांबरुंद, धुळीने लालसर झालेला. तिने तो झटकन आत ओढला.

युलालीने पाहिलं आणि शेंगच सोलत राहिली. वाडगा हलवून दाणे सारखे केले आणि म्हणाली, "त्या दोऱ्याचं सांग मला."

"मावशी मापते."

"मग?"

"मग पाकीट मी चिकटवते." तिने एक दाणा बोटांत फिरवला. "माझ्याकडे एक दोरा आहे. आधीचा. पहिला. त्याच्याएवढाच नवा कापून आत घालते."

युलालीने पुढची शेंग उचलली. पोरीने आणखी दोन शेंगा सोलल्या आणि मग खाली बघूनच एकेक सांगत गेली. आई गेली त्या पहाटे तिने वेनिशाच्या पायात लाल बूट चढवले होते. नवे, जरा सैल. बक्कल लावताना म्हणाली होती, हे बूट तुला घट्ट व्हायच्या आत मी येते बघ. मग मोटार आली. बूट पुढच्याच पावसात घट्ट झाले. बोटं दुखायची, तरी ती घालायची. मावशीने ओरडून काढायला लावले आणि शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकले.

"आईला कळलं, की माझा पाय वाढला, तर तिला वाटेल आपल्याला उशीर झाला," वेनिशा म्हणाली. "आता तर बूट देऊनसुद्धा टाकले. मग ती म्हणेल, आता काय जायचं." जरा थांबून म्हणाली, "झाला नाहीये ना अजून उशीर, मिस?"

मुलांना उत्तर द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं, असा युलालीचा शिरस्ता होता. तिच्या हातातली शेंग अर्धीच उघडी राहिली.

"झालाय," ती म्हणाली. "पण ती येतेय. उशीर झालेला तिलाही ठाऊक आहे, बाळ."

वेनिशाने नाक पुसलं. रडली मात्र नाही. दुमडलेले पाय तिने हळूहळू लांब केले आणि पायरीवरून खाली सोडले. मुंग्या आल्या असाव्यात, तिने ते एकमेकांवर घासले.

"लिहा मग हे. जायचंय मला," ती म्हणाली. "पण मावशीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती बोलणार काहीच नाही. नुसती अंगण झाडत बसेल, झाडलेलं असलं तरी."

बर्फ आला, सरबत झालं, दाण्यांतला निम्मा वाटा युलालीने वेनिशासाठी वाडग्यातच ठेवला. आयव्हरीन तिला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. गाडीची वाट पाहत दोघी दगडी गडग्यापाशी उभ्या राहिल्या. ऊन उतरलं होतं. कुणाच्या तरी रेडिओवर नाताळची गाणी लागली होती.

"तुम्हाला एक सांगू का, मिस?" आयव्हरीन म्हणाली. आवाजात सकाळची धार नव्हती. "कोर्टात नको. तुमच्यापुरतं. तो दोरा ना, पोरगी बदलते. मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण राहिले गप्प."

युलालीने तिच्याकडे वळून पाहिलं.

"मनात म्हटलं, पोरीला जायचं नाहीये. मोठी झाले हे आईला कळू द्यायचं नाही, कळलं तर नेण्याजोगी झाली म्हणून ती नेईल." आयव्हरीनच्या चेहऱ्यावर लाजरं, लग्न ठरलेल्या मुलीसारखं हसू आलं. "माझ्यासाठी असं कुणी कधी काही केलं नव्हतं हो. दर वर्षी मी दोरा नीट मापून ठेवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. तिला बदलायला वेळ मिळावा म्हणून."

वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. धूळ उडवत ती येऊन उभी राहिली, आणि चढायचंय का, म्हणून वाहकाने दारावर थाप मारली. युलालीने हातानेच त्याला पुढे जायची खूण केली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग गडग्यावर बसली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बसा जरा, आयव्हरीनबाई."

आयव्हरीन बसली नाही. गेलेल्या गाडीकडे तिने पाहिलं, मग युलालीकडे, मग वर घराकडे, जिथे पायरीवर वेनिशा दोन्ही पाय पुढे पसरून बसली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती.

"बोलली वाटतं तुमच्याशी," आयव्हरीन म्हणाली.

"हो."

आयव्हरीनने डोक्याचं फडकं सोडलं, घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. मग गडग्याच्या अगदी कडेला टेकली.

"लगेच नका सांगू," ती म्हणाली. "थोडं बसू."