दहा वाजता सुटणारा ठेला

मित्रांनो, ज्याला चार चाकं आहेत त्याने फिरावं, एवढी साधी गोष्ट. पण मी, इंदूरचा एक जुना ठेला, नऊ महिने, ऐन धंद्याच्या वेळी, विजेच्या खांबाला साखळीने बांधलेला असायचो. मी कुणाला धडकलो नव्हतो, कुणाचं काही नुकसान केलं नव्हतं, तरी बांधलेला. आता मोकळा आहे म्हणून सांगतो. थोडं लांबेल, पण ऐका. ठेल्याशी कोण बोलतं, आणि ठेल्याचं कोण ऐकतं!

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. बाभळीच्या फळ्या, भंगारातून आणलेली सायकलची चार चाकं, वर जाड पत्रा. त्यातलं एक चाक वाकडं निघालं. पुढच्या आठवड्यात बदलून देतो, असं सुतार म्हणाला होता. तो पुढचा आठवडा अजून यायचाय आणि ते चाक अजून कुरकुरतंय.

मला घेतलं गयाबाईंनी. त्यांचे सासरे महूच्या पलटणीत होते. नवरा धोंडिबा अचानक वारला, तेव्हा बाईंनी रडून झाल्यावर पदर खोचला आणि पोह्यांचा धंदा सुरू केला. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला आम्ही सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर हजर. वाफाळते पोहे, वर मूठभर सेव, चिमूटभर जीरावन मसाला, लिंबाची फोड. साडेनऊला कढई रिकामी. मग त्या मला बादलीभर पाण्याने धुवायच्या आणि म्हणायच्या, चल रे राजा, हो गया आज का. माझं मराठी त्यांच्याकडूनच आलंय. मधेमधे हिंदी डोकावली तर मनावर घेऊ नका, इंदुरात असंच बोलतात.

सोळा वर्षं अशी सुखात गेली. पुढे बाईंचे गुडघे बोलू लागले. मुलगा संघदीप बँकेत लागला होता, तो म्हणाला, आई, आता बस. मला विकायचं ठरलं. घ्यायला आले मशिदीजवळच्या जकात कमेटीचे इश्तियाक साहेब. गयाबाईंनी मला दिलं आणि वर कढई, झारा, पाण्याची बादलीसुद्धा फुकट देऊन टाकली. माझ्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता निघून गेल्या. मी मात्र वळणापर्यंत त्यांच्याकडेच बघत होतो.

जकात म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. ज्या मुसलमानाकडे गरजेपुरतं भागून वर्षभर पैसा किंवा सोनं शिल्लक राहतं, त्याने त्याचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा. हा उपकार नाही, फर्ज आहे, नमाजासारखाच. मी ज्या पैशांतून आलो ते होते सगीरा आपांचे. आपा, म्हणजे ताई, निवृत्त शिक्षिका होत्या, अंगाने काडी आणि आवाज खणखणीत. रमजानमध्ये आपल्या बांगड्यांची जकात कमेटीकडे देताना त्यांनी सांगितलं होतं की या वेळी दहा जणांना थोडं थोडं वाटू नका, एकालाच पायावर उभं करा.

तो एक म्हणजे अस्मतुल्ला. अफगाणिस्तानात कुंदुझला त्याची नानची भट्टी होती. तिकडे राज्य पालटलं आणि तो परवाना नावाची बायको आणि दोन लहान मुली यांना घेऊन नेसत्या कपड्यांनिशी निघाला. दिल्लीत निर्वासिताचं कार्ड मिळालं, इंदुरात सुकामेव्याच्या व्यापाऱ्याकडे पोती उचलायचं काम मिळालं. हात पिठाचे, काम पाठीचं. कसं जमायचं? त्याला ठेला देऊ या, असं इश्तियाक साहेबांनीच सुचवलं. माणूस मनाने चांगलाच होता, हे मी साखळीत असतानाही म्हणत होतो.

पण दुधाने तोंड पोळलेलं होतं त्यांचं. आदल्या वर्षी कमेटीने एकाला शिवणयंत्र दिलं, ते त्याने महिन्याभरात विकलं. आता तसं होऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी माझ्या कपाळावर पत्र्याची पाटी ठोकली, ‘ज़कात फंड, बेचना मना है’. मला कमेटीच्या आवारातल्या खांबाला साखळी घातली, तिला भलंथोरलं कुलूप लावलं आणि किल्ली कमेटीच्या कपाटात ठेवली. अस्मतने सकाळी यायचं, वहीत सही करायची, किल्ली घ्यायची आणि संध्याकाळी परत द्यायची. यात कुणाचं नुकसान असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आता मजा बघा. कमेटीची खोली आणि आवाराचं फाटक उघडायचं दहाला. इंदूरचा नाश्ता दहाला संपलेला असतो! अस्मत बोलानी करायचा, म्हणजे बटाटा आणि कांद्याची पात भरून तव्यावर तळलेली पातळ पोळी. एकदा गयाबाई मला बघायला आल्या, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या की बाळा, चव झकास आहे, पण यावर सेव टाक, नाहीतर इंदुरात हे कोण खाणार! त्याने टाकली. गिऱ्हाईक बोटं चाटू लागलं. पण यायचं किती? दहानंतर चुकलेमाकले आठ-दहा जण. पहाटे सहाला तो आवाराबाहेर पिठाचं पातेलं घेऊन येऊन उभा राहायचा, कुणी लवकर उघडलं तर बरं म्हणून. जाळीच्या फाटकाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. चार तास आम्ही एकमेकांकडे बघत काढायचो. तो खांब मला इतका पाठ झालाय की त्यावर किती खिळे आहेत तेही सांगेन. उभ्या उभ्या माझी चाकं मातीत रुतायची. राग यायचा हो मला! पण ठेल्याने रागावून करायचं काय?

डिसेंबरात दिल्लीच्या निर्वासित कचेरीचं पत्र आलं. अस्मतच्या कुटुंबाला परदेशात कायमची जागा मिळू शकत होती, त्यासाठी बारा जानेवारीला चौघांनी समोर हजर व्हायचं होतं. तारीख चुकली तर फाइल बंद, पुन्हा रांगेच्या शेवटी. तिकिटं हवीत, महिनाभर तिथे राहणं आलं, कागदपत्रं आली. तो कमेटीत विचारायला गेला. इश्तियाक साहेबांनी खरं तेच सांगितलं की फंड संपलाय, आता रमजानमध्ये पैसा येईल. रमजान मार्चमध्ये होता.

त्याच आठवड्यात जवळच्या हातोद गावचा विक्रम माझ्यापाशी थांबला. शेंगा विकायला त्याला ठेला हवा होता. किंमत त्याने चांगली सांगितली, दिल्ली भागेल एवढी. परवाना शेजारीच उभी होती, तिने नवऱ्याकडे पाहिलं. अस्मतने पाटीकडे पाहिलं.

“मेरा नहीं है,” तो म्हणाला.

मित्रांनो, त्या वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याच्या पोरींचा रस्ता माझ्या चाकांशी अडकला होता आणि मला साधं पुढे सरकता येत नव्हतं.

तारखेला नऊ दिवस उरले तेव्हा सगीरा आपा कुणा मुलीच्या फीचं बघायला दहाच्या आधीच कमेटीत आल्या. फाटकाच्या जाळीतून मला पाहून थबकल्या. अस्मत फाटकाबाहेर पातेलं घेऊन बसला होता. आत का येत नाहीस, असं त्यांनी विचारलं. त्याने फाटकाचं कुलूप दाखवलं, आणि माझ्या साखळीचंही. मग दिल्लीचं पत्रही दाखवलं. तेवढ्यात इश्तियाक साहेब आले, त्यांनी फाटक उघडलं आणि चटकन टोपी सारखी करून उभे राहिले. चौथीत आपांनीच त्यांना शिकवलं होतं.

“इश्तियाक, हा ठेला कुणाचा?”

“कमेटीचा, आपा. अस्मतला वापरायला दिलाय.”

 आपा माझ्या पत्र्यावर हात ठेवून खांबाला टेकल्या. जकात घेणाऱ्याच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यायची असते. तसं केलं नाही तर ती दिली असं होतच नाही. हे त्यांनी तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं.

“म्हणजे माझी जकात अजून निघालेलीच नाही,” त्या म्हणाल्या. “नऊ महिने माझ्या गळ्यात तशीच आहे.”

“आपा, किल्ली दिली तर तो विकून टाकेल.”

“विकू दे. विकायचा हक्क दिला नाही, तर मी त्याला दिलं काय?”

इश्तियाक साहेबांचा चेहरा चौथीतल्या पोरासारखा झाला. ते आत गेले, किल्ली आणली आणि दोन्ही हातांनी अस्मतला दिली. मग छिन्नी मागवून पाटी स्वतः उचकटली. बोटाला लागलं, रक्त आलं, तरी दुसऱ्याला करू दिलं नाही. तिची चार भोकं अजून माझ्या कपाळावर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दवाखान्याच्या फाटकाबाहेर होतो. मित्रांनो, काय सांगू! तीच जागा, तीच गर्दी. नऊच्या आत पातेलं संपलं. अस्मतने मला बादलीभर पाण्याने धुतलं. मी मनात म्हटलं, आता आयुष्यभर असंच. आणि दुपारी अस्मतचा निरोप मिळालेला विक्रम पैसे घेऊन आला.

परवा स्टेशनवर ताबा देतो, असं अस्मतने त्याला सांगितलं. त्या शेवटच्या फेरीला माझ्यावर दोन ट्रंका, एक गाठोडं आणि आपांनी दिलेले नवे स्वेटर घातलेल्या दोन्ही मुली होत्या. धाकटी माझ्या चाकाची कुरकुर ऐकून सारखी हसत होती. इश्तियाक साहेब मागून ढकलत होते. स्टेशनच्या दारात विक्रम उभा होता. शेजारच्या रिक्षावाल्याने इंदुरी ढंगात सहज विचारलं, भिया, ठेला किसका है?

“मेरा है,” अस्मत म्हणाला. “था. इनको बेच दिया.”

साखळी आणि कुलूप त्याने विक्रमला दिलं, किल्लीसकट. मग ते चौघे आत गेले. ते बारा तारखेच्या आधी दिल्लीला पोचले, एवढं इश्तियाक साहेबांनी हातोदला येऊन विक्रमला सांगितलं. पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. गाड्यांचा आवाज आला की मी कान देतो.

आता मी हातोदच्या बाजारात शेंगा विकतो. दुकान आवरलं की विक्रम तीच साखळी घालतो, पण किल्ली त्याच्याच खिशात असते. मनात येईल तेव्हा तो मला सोडतो, कधी पाचला, कधी सातला. मित्रांनो, तुम्ही कुणाला काही द्याल तेव्हा किल्लीसकट द्या. तो ते वापरेल, मोडेल, विकेल, त्याचं तो बघेल. आणि जमलं तर माझ्यासारख्यांच्या चाकाला थेंबभर तेलही घाला.

अस्मतने मला विकलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जे आपलं नाही ते कुणी विकत नाही, निदान अस्मत तरी नाही. त्याने मला विकलं, म्हणजे तीन दिवस का होईना, मी त्याचा होतो.