उरलेल्या गोळ्या

धोंडाबाईंना दहा दिवस जुलाब होत होते. अकराव्या दिवशी त्या पलंगावरून उठेनात, तेव्हा मुलगी संध्या त्यांना पंचवटीतल्या दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टर वेदिकांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "गेल्या महिनाभरात कुठली गोळी घेतली होती का?" तिन्ही वेळा आप्पा म्हणाले, "नाय मॅडम. कसलीच नाय."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पा म्हणजे तिचे वडील धोंडीराम, तोफखान्यातले निवृत्त हवालदार. देवळाली कॅम्पात अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणते. ज्याच्या घरी गोळ्या उरतात तो त्या आप्पांच्या फरसाणाच्या डब्यात आणून टाकतो, ज्याला ताप-खोकला होतो तो तिथूनच घेऊन जातो. शिळी पोळी आणि उरलेली गोळी त्यांच्या लेखी सारखीच, टाकायचं काही नाही. इथे बायकोचे डोळे खोल गेलेत, तरी या माणसाला आपली डॉक्टरकी झाकायची पडलीय!

ती तडक रिक्षाने कॅम्पात गेली, डबा उचलून आणला आणि डॉक्टरांच्या टेबलावर उपडा केला.

"आप्पा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा, आप्पा. आई मरायला टेकलीय."

आप्पांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी ढिगातून एक अर्धं रिकामं पाकीट वेगळं काढलं.

"ही अँटिबायोटिक. आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू नांदत असतात, वाईट जंतूंना पाय रोवू देत नाहीत. अशा गोळ्यांनी ते मरतात आणि मग एखादा वाईट जंतू माजतो. इथे तेच झालेलं दिसतंय. तपासणी करून वेगळं औषध सुरू करू. नुसती जुलाब थांबवायची गोळी दिली असती, तर जिवावर बेतलं असतं. ही कुणाची?"

"माझीच," आप्पा घाईने म्हणाले. "हिची दाढ ठणकत व्हती, मी दिली."

संध्याने पाकीट हिसकावलं. मागे निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'आई, दाढ दुखली तर. सकाळ-संध्याकाळ.' अक्षर तिचंच होतं. स्वतःची अक्कलदाढ काढल्यावर सूज उतरली, तसा तिने चौथ्या दिवशी डोस बंद केला होता आणि उरलेल्या गोळ्या मायेने माहेरी ठेवून दिल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी आईच म्हणली, पोरीचं नाव काढू नका," आप्पा पुटपुटले.

संध्याला आयुष्यात इतका राग आला नव्हता, आणि आता तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"माझी आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी दिली. तसंच लिहा."