बेंबीच्या डावीकडे

सुईच्या टोकावर लोंबणारा थेंब... पडत नाही, परत आत जात नाही.

मेणकापडावर गोड पावाची साखर.

नदीवर फेरीबोटीचा भोंगा.

'एलोडियाचा हात हलका.' गल्लीत कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की लोक दवाखान्याऐवजी तिचंच दार वाजवत. सोकोरो तर सख्खी थोरली बहीण, घरातलीच – तिच्यासाठी हात आणखी हलका, म्हणून इन्सुलिनची सुई वर्षानुवर्षं बेंबीच्या डावीकडे, त्याच जागी, जिथं तिला टोचलेलं कळायचंही नाही – आणि आज सकाळी नव्या डॉक्टरीणबाईंनी नेमकी तिथंच बोटं दाबली.

"रोज इथंच?"

"इथं तिला दुखत नाही," एलोडिया म्हणाली होती. अभिमानानं... हो, अभिमानानंच.

"दुखणार कसं? गाठ झालीय. इन्सुलिन तिच्यातच अडकून पडतं. शरीर दाद देत नाही म्हणून डोस वाढवत गेलात, त्यातला बराचसा इथंच मुरला. आता जागा बदला. डोस मी कमी करून देते, नाहीतर साखर धाडकन उतरेल."

म्हणजे ताई चोरून खात नव्हती.

रक्तातली साखर वाढली की तिची पिशवी उलटी करायची, उशीखाली हात घालायचा. नातीच्या बाप्तिस्म्याला सगळ्यांदेखत तिच्यापुढची केकची बशी ओढून घेतली, ती तर तिनं दुसऱ्या कुणासाठी धरली होती... 'मी काही खाल्लं नाही गं,' ती म्हणायची – आणि मी, तिच्यासमोर बसून कॉफीत पाव बुडवत, म्हणायचे, रक्त खोटं बोलत नाही, ताई, तू बोलतेस. पुढं तिनं सांगणंच सोडलं. मग साखरेनं तिचा डावा डोळा गेला.

सोकोरोनं झगा वर सरकवला. मांडी, कोरी.

"बघत काय बसलीस? टोच."

"इथं दुखेल, ताई."

"दुखू दे. आणि आज माझी पिशवी नाही उलथलीस? बरंबिरं नाही का तुला?"

हसायला हवं होतं. एलोडियाला वाटलं, आधी बोलावं, मग टोचावं... पण हातात सुई धरून माफी मागितली तर ती नाही कशी म्हणेल? आणि टोचल्यावर मागितली, तर तिला वाटेल, दुखलं त्याचीच मागतेय. सोकोरो भिंतीकडे बघत वाट पाहत राहिली. ओरडायची नाही, हे तिच्या ताठ मानेवरून कळत होतं, आणि एलोडियाला पहिल्यांदाच वाटलं, तिनं ओरडावं.

सोळाव्या वर्षी एलोडिया इंजेक्शन द्यायला शिकली, तेव्हा सरावासाठी दंड पुढं करणारी सोकोरोच होती.