झेंडीखालचा मुरूम

अर्धी पिशवी चुना.

लग्नाच्या पंगतीत बोलून गेलेलं एक वाक्य.

बसलेली म्हैस उठेल की नाही, हे म्हशीलाही माहीत नसतं.

गुडघ्याएवढी लाल झेंडी, उसाच्या रानात, एकटीच.

भाड्याचा रोलर.

आता हे जोडू.

वल्लरी सांगलीची. उसाचं रान, बाजरीचं रान, द्राक्षबाग, गायरान, कुठल्या मातीत किती कार्बन, म्हणजे किती जीव, आहे ते मोजत फिरणारी. नेमकं कुठं खणायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, कारण माणसाला विचारलं तर तो आपली चांगलीच जागा दाखवतो. कोरेगावजवळ सुभेदार लालासाहेबांच्या तोडणी झालेल्या उसात अशी एक जागा निघाली. वल्लरीनं तिथं झेंडी रोवली. आठवड्यानं येते, तोवर ही हलवू नका, असं सुभेदारांच्या बायकोला, साळूबाईंना, बजावून गेली.

झेंडी कोणी हलवली नाही.

पंगतीतलं वाक्य: सुभेदारांची मुलगी दुष्काळी माण तालुक्यात दिली. लग्नात ते व्याह्यांना, उदयसिंहांना, म्हणाले होते की तुमच्याकडं माती कुठाय, नुसता मुरूम. उदयसिंहांनी तेव्हा आणखी एक जिलेबी मागून घेतली, बस. आता त्यांचा फोन आला.

"आमच्याबी रानात झेंडी लागलीया, पाव्हणं. कळंल आता, जीव कुनाच्या मातीत हाय."

सुभेदारांचं जेवणातलं लक्ष उडालं. सगळीकडं हरतील, व्याह्यापुढं नाही. आणि तपासणी येणार म्हटल्यावर काय करायचं, हे फौजेनं त्यांच्या अंगात भिनवलेलं होतं.

वल्लरी आली तेव्हा झेंडीभोवती ना पाचट, ना गवत, ना शेण. गोल मैदान. कडेच्या दगडांना चुना. झेंडीला इस्त्री, तीही जागेवरच, कोळशाची इस्त्री रानात नेऊन. शेजारी बिल्ले लावलेले सुभेदार, सावधान.

"काका, इथली माती?"

"काढली की. लय भुसभुशीत व्हती, बूट रुतलं असतं तुमचं. मुरूम टाकून रोलर फिरवला."

"मी म्हनलं व्हतं," साळूबाई म्हणाल्या, "माती बघाया येनार हायत तर माती ऱ्हाऊ द्या. तर म्हंत्यात, तुला तपासणीतलं कळत न्हाई."

वल्लरीनं तरी माती काढायचं गिरमिट लावून पाहिलं. ते बोटभर गेलं आणि खटकन थांबलं. आपल्या रानाचा आकडा मुरमाचा निघणार, हे सुभेदारांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं सावधान हळूहळू विश्राम झालं.

तिनं ऑफिसातल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, कॉम्प्युटरनं दिलेली राखीव जागा घे. मोबाइलवरचा नकाशा बघत ती बांधापर्यंत चालत गेली. राखीव जागेवर म्हैस बसली होती. सुभेदारांनी तिला फौजी हिंदीत उठायचा हुकूम दिला. म्हशीनं रवंथ चालू ठेवला. पण तिच्याखाली वर्षानुवर्षांचं शेण जिरलंय हे आठवून ते एकदम खुलले.

"हितलंच घ्या म्याडम. म्हशीसकट घ्या."

वल्लरी म्हणाली, हा गोठा झाला, ऊस नव्हे. मग तिसरी जागा निघाली, पाचटात, जिथं सुभेदारांचा हात पोचला नव्हता. गिरमिट सहज उतरलं. तिथलीच माती पिशवीत गेली.

पुढं आकडा आला. सुभेदारांनी फोनवर एकच विचारलं, माणातल्यापेक्षा जास्त का? वल्लरी म्हणाली, हो, माणातल्या सगळ्या नमुन्यांपेक्षा जास्त.

त्या दुपारी कंदी पेढ्यांचा खोका व्याह्यांकडं, माणातल्या दहिवडीच्या एसटीनं, रवाना झाला. उदयसिंहांनी पेढे खाल्ले, फोन करून हार मान्य केली, आणि पेढे ताजे होते असंही सांगितलं.

उदयसिंहांच्या रानात झेंडी कधी लागलीच नव्हती.