गाभाऱ्यातले दप्तर

ती गोष्ट १९३४ सालची. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचे गाव होते. चाळीस उंबरे, आणि वर कड्याखाली बारा झोपड्यांची ठाकरवाडी. सकाळी धुके उतरले की गाव दिसेनासे व्हायचे. नुसत्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या आणि वाटायचे, आपण सगळे कुणाच्या तरी स्वप्नात राहतो आहोत.

गावात भैरवनाथाचे देऊळ होते. गाभाऱ्यात देवाशेजारच्या कोनाड्यात, लाल रुमालात बांधलेले गावचे दप्तर असे. कुणाची जमीन, कुठली वाट, कोणता पाणवठा, सारे त्यात लिहिलेले. चावडी गळायची, म्हणून कुण्या जुन्या तलाठ्याने ते एका पावसाळ्यापुरते देवळात आणून ठेवले होते. पण देवाशेजारी जे बसले त्याला उठवायचे कुणी? कुणी कुंकवाचे बोट लावले, कुणी फूल वाहिले. बघता बघता दप्तराचा देव झाला! लेकराचा खोकला जाईना, तर बायका दप्तराला नवस बोलत. खोटे कशाला सांगू, मीही बोलले आहे.

तलाठीतात्यांकडे पाच गावे होती. ते कामशेतला राहात. महिन्यातून एकदा येत, आंघोळ करून गाभाऱ्यात जात, काय लिहायचे ते लिहीत आणि रुमालाची गाठ मारून निघून जात. कुणी काही विचारलेच तर म्हणत, “देवापाशी आहे, सुखरूप आहे.” आणि विचारणाऱ्याचे समाधान होई.

त्या माघात कोंडाजी पाटलांनी, म्हणजे माझ्या मामंजींनी, कड्याखालच्या झऱ्याभोवती करवंदीच्या काट्यांचे कुंपण घातले. लोणावळ्याच्या बंगल्यांत भाजी खपू लागली होती. त्यांना तिथे वांगी आणि कोबी लावायचा होता. झरा आपल्याच जमिनीच्या नंबरात आहे अशी त्यांची खरोखरीची समजूत होती.

ठाकरवाडीचे पाणी तुटले. सावित्राबाई ठाकर आणि तिची सून चिंगी खाली नदीवर जाऊ लागल्या. उतरायला एक तास, चढायला दीड. चिंगीला सातवा महिना होता. एके दिवशी कातळावर तिचा पाय घसरला. घागर फुटली, पोट वाचले.

त्याच संध्याकाळी सावित्राबाई आमच्या ओट्यासमोर उभी राहिली.

“पाटील, झरा समद्यांचा हाय. आमच्या आज्यापास्नं पितोय.”

“कुटं लिवलंय?”

“दप्तरात आसंल की.”

“मग जा, इचार दप्तराला!” मामंजी म्हणाले, आणि ओट्यावरचे सगळे हसले.

सावित्राबाई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती खरेच देवळात गेली. बायकांना गाभारा वर्ज्य, म्हणून पायरीवर बसली. धुके विरले, ऊन वर आले, चाफ्याची सावली तिच्या पायांवरून पलीकडे गेली, तरी ती त्या लाल रुमालाकडे बघतच होती.

दत्तोबा तिथून चालले होते. तीस वर्षे लोणावळ्याच्या स्टेशनात, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी करून ते गावी परतले होते.

“काय गं साईत्रे, कुनाची वाट बघतीस?”

“दप्तर कवा बोलतंय त्याची, भाऊ.”

दत्तोबा पायरीवर टेकले. “ते बोलत न्हाई, बाई. ते वाचायचं आसतंय. ठेसनात गाड्यांच्या टायमाचा फळा आसतो बग. त्याला कुकू लावून हात जोडून हुबी राह्यलीस, तर गाडी जाईल निघून आन् तू हितंच! फळा टांगत्यात तो सायबानं वाचावा आन् हमालानंबी वाचावा म्हून.”

“मला कुटं वाचता येतंय?”

“वाचायला लय जण मिळतील. मागायचं मातूर तू. पानी तुजं हाय.”

पाडवा आला. वर्षातून त्याच दिवशी दप्तर वाजतगाजत पारावर आणून त्याची पूजा होई. तात्याही येत. गावाने रांगेने नारळ ठेवले. शेवटी सावित्राबाई पुढे झाली.

“दे नारळ,” मामंजी म्हणाले.

“नारळ मागनं. आदी गाठ सोडा. झऱ्याचं काय लिवलंय ते वाचून दावा.”

हलगी थांबली. “कोप होईल गावावर!” कुणी म्हातारी ओरडली.

“सरकारी कागद आहेत बाई ते,” तात्या म्हणाले. “असे उघड्यावर सोडत नाहीत.”

“तात्यासायेब,” दत्तोबा बोलले, “आत माती आमची, पानी आमचं, नावंबी आमचीच. आमीच बघायचं न्हाई, तर लिवलं कुनासाठी? देवाचं दर्शन लांबनं चालतंय, कागदाचं न्हाई चालत. आन् कोपाचं म्हनाल, तर वीस वरसं त्याच्या तोंडात कुकू कोंबलंय आमी. कोपायचं ते कवाच कोपलंय!”

मागे कुणीतरी खुदकन हसले. तलाठी होऊन सहा वर्षे झाली, पण तात्यांनी स्वतःच मागची पाने कधी उलटली नव्हती! ते खाली बसले आणि त्यांनी गाठ सोडली.

आतून कुंकू सांडले, वाळलेल्या पाकळ्या सांडल्या. नारळाच्या पाण्याने पाने चिकटली होती. तात्या नखाने एकेक पान सोडवू लागले. एक फाटले. एकावरची शाई पुसून गेलेली. सावित्राबाईने डोळे मिटून घेतले. मग तात्यांचा हात थांबला.

“‘कड्याखालील झरा. सरकारी पाणवठा. वहिवाट : गाव व ठाकरवाडी.’” त्यांनी पान वळवून धरले. “खाली साक्षीदाराची निशाणी आहे. नांगर.”

मामंजींना अक्षर येत नव्हते, पण तो नांगर त्यांनी ओळखला. शेंड्याशी किंचित वाकडा. तसाच नांगर आमच्या दाराच्या चौकटीवर कोरलेला होता. त्यांच्या वडिलांनी कोरलेला! त्यांनी त्यावर बोट ठेवले आणि किती तरी वेळ ते उचललेच नाही.

“आबाची हाय,” ते म्हणाले. “आबानं शबूद दिल्ता. त्या शब्दाला मी रोज उदबत्ती ओवाळली, आन् त्याच्यावरच काटं घातलं!”

त्याच दुपारी त्यांनी आपल्या हातांनी कुंपण उपसले. हात रक्ताळले, पण गड्याला हात लावू दिला नाही. तात्यांनी पारावरच सावित्राबाईला त्या नोंदीची नक्कल लिहून दिली. सावित्राबाईने नारळ पुढे केला, तेव्हा मामंजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. चिंगीला घाल खायला.”

पुढे चावडी शाकारली आणि दप्तर तिथे गेले. बदली होईपर्यंत तात्या दर फेरीला ते उघडून बसत, मागेल त्याला वाचून दाखवत. दत्तोबा १९३८ साली गेले. त्याआधी त्यांनी गावातल्या सहा बायकांना अक्षर शिकवले, त्यांतली एक मी. मामंजींनी झऱ्याच्या खाली, वाहून आलेल्या पाण्यावर भाजी केली. अखेरच्या आजारात ते माझ्याकडून आपल्या शेताची नोंद पुन्हा पुन्हा वाचून घेत आणि ऐकता ऐकता झोपी जात. सावित्राबाईने ती नक्कल पत्र्याच्या डबीत जपली आणि जाताना चिंगीच्या लेकीला, नंदाबाईला दिली. वाडीत पहिल्यांदा अक्षर ओळखले ते हिनेच.

वाचकहो, कागदाला नुसता नमस्कार करू नका. तो उघडायला सांगा, वाचायला मागा. ज्याची नोंद झाकलेली, त्याचा हक्कही झाकलेलाच राहतो. आणि दप्तर ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ते राखणदार आहेत, पुजारी नव्हेत.

आमचे गाव आता धरणाखाली आहे. वैशाखात पाणी उतरले की देवळाचा कळस तेवढा वर येतो, आणि वाटते, ते स्वप्न अजून सरलेले नाही. नंदाबाईकडे गेले की ती डबी उघडते आणि मोठ्याने वाचते, ‘वहिवाट : गाव व ठाकरवाडी.’

गाव गेले. वाडी अजून त्याच झऱ्याचे पाणी पिते.